साक्षरता वर्गातल्या बायकांना स्वतःच्या आजारपणाची माहिती स्वतः लिहायला कशी शिकवायची?

मोगरा_ठाणे :
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय, शक्यतो ज्यांनी मोठ्या माणसांना शिकवलंय किंवा दवाखान्यात काम केलंय अशांचा. वागळे इस्टेटच्या मागच्या वस्तीत मी बायकांचा साक्षरता वर्ग घेते, दुपारी, म्हणजे त्यांची धुणीभांडी, पोळ्यांची कामं उरकलेली असतात आणि पाणी यायचं असतं त्या मधल्या वेळात. उल्लास कार्यक्रमाची पुस्तिका आहे, १५ वर्षांपुढच्या कुणालाही चालते, पण माझ्याकडे सगळ्या पस्तिशीच्या पुढच्याच. सही येते, बसचा बोर्ड वाचतात, काना मात्रा वेलांटी जमते, जोडाक्षर आलं की पेन थांबतं.

मध्यंतरी वर्गातल्या एका मावशींना चक्कर आली म्हणून शेजारणीने दवाखान्यात नेलं. तिथे विचारलं आधी काय आजार होता, गोळ्या कुठल्या चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, मावशी म्हणाल्या मुलाला माहितीये, आणि मुलगा कंपनीत, फोन लॉकरमध्ये. वर्गात येऊन त्या म्हणाल्या, "माझ्या अंगाची माहिती माझ्याजवळच नको का?" त्यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या, आमचं पण असंच आहे म्हणून. म्हणजे हा विषय त्यांनी स्वतःहून मागितलाय, आणि म्हणूनच तो मला नीट करायचाय, धडा उरकल्यासारखा नाही.

नेटवर तयार फॉर्म भरपूर दिसतात पण सगळे इंग्रजी आणि टिक मारायचे, भाषांतर केलं तरी "वैद्यकीय पूर्वेतिहास" वगैरे शब्द येतात. असा कागद पुढे ठेवला की त्या म्हणणार ताई तुम्हीच भरा. मी भरला तर वर्ग कशाला घ्यायचा? तर प्रश्न असे की सुरुवात कुठून करू, डॉक्टरला खरंच काय लागतं आणि काय नसलं तरी चालतं, साल-तारीख कुणालाच आठवत नाही त्याचं काय करायचं, आणि मराठीत लिहिलेलं डॉक्टर वाचतील का?

रात्रपाळी :
ताई खूप चांगलं काम काढलंय. मी नर्स आहे, ठाण्यातच, बरीचशी नोकरी कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात गेली, त्यामुळे रात्री दोन वाजता पेशंट आला की आम्हाला काय हवं असतं तेवढंच सांगते.

सगळ्यात वर अ‍ॅलर्जी. पण नुसतं "अमुक गोळी चालत नाही" लिहून भागत नाही, काय झालं होतं ते लिहायला हवं. आपल्याकडे गोळी उष्ण पडली, तोंड आलं, पोटात जळजळ झाली यालाही चालत नाही म्हणतात, आणि अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास कोंडला यालाही चालत नाहीच म्हणतात. आमच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेनिसिलीनच्या इंजेक्शनने एखादीचा श्वास कोंडला असेल तर ते औषध तिला परत देता येत नाही, जळजळीचं मात्र जेवणानंतर घ्या किंवा सोबत दुसरी गोळी घ्या असं काहीतरी निघतं. तेव्हा "कुठलं औषध, मग काय झालं, किती वेळात झालं" एवढी एक ओळ प्रत्येकीला स्वतःच्या हाताने लिहिता आली तरी तुमचा अर्धा कोर्स झाला असं मी म्हणेन.

मग चालू गोळ्या. त्यातही शुगरची गोळी किंवा इन्सुलिन, रक्त पातळ करायची गोळी, फिट येऊ नये म्हणून घेतात ती, आणि दम्यासाठी किंवा संधिवातासाठी बरेच दिवस चालू असलेलं स्टिरॉइड, हे चुकूनसुद्धा सुटायला नको. रक्त पातळ करायची गोळी तर दात काढायला गेलं तरी आधी सांगावी लागते, आणि बायका दाताच्या डॉक्टरला काही सांगतच नाहीत, दाताचा आणि हृदयाचा काय संबंध म्हणून.

एक गोष्ट वर्गात नक्की घ्या. आम्ही विचारतो शुगर आहे का, बीपी आहे का, बाई ठामपणे नाही म्हणते, आणि पिशवी उघडली की आत मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरचीच गोळी. ती खोटं बोलत नसते. गोळी चालू आहे, मागच्या वेळी रिपोर्ट नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले छान, म्हणजे आजार गेला असं तिचं साधं गणित असतं. म्हणून "तुम्हाला शुगर आहे का" असं विचारू नका, "शुगर आहे असं कधी कुठल्या डॉक्टरने सांगितलं होतं का" आणि "रोज कसली गोळी घेता" असं विचारा, उत्तरं एकदम वेगळी येतील.

रक्तगट लोक पहिल्या ओळीत लिहितात. लिहू दे, पण रक्त चढवायच्या आधी आम्ही गट परत तपासतो आणि क्रॉसमॅचही करतो, म्हणजे दोन्ही रक्तं जुळतात का ते बघतो, त्यामुळे गट माहीत नसेल तर कुणी खट्टू व्हायचं कारण नाही. त्यापेक्षा जो माणूस खरोखर फोन उचलतो त्याचा नंबर लिहा.

कोपरखैरणेकर :
आमच्या भागात माथाडी कामगार आणि त्यांच्या घरच्यांसाठी संध्याकाळचा वर्ग चालतो, तिथे आम्ही असंच काहीसं केलंय. तारखांचा प्रश्न आम्हालाही आला. साल विचारलं की माणूस गप्प होतो, पण "पुराच्या आधी का नंतर" विचारलं की लगेच बोलतो. २६ जुलै २००५ चा पाऊस कुणी विसरलेलं नाही. तसंच किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, लातूर-धाराशिवकडून आलेल्यांना तो पक्का आठवतो, ठाणे-वाशी लोकल २००४ ला सुरू झाली, नोटबंदी नोव्हेंबर २०१६, लॉकडाऊन मार्च २०२०. फळ्यावर एक आडवी रेघ मारायची, त्यावर हे टाकायचे, मग प्रत्येकाने आपल्या वहीत तशीच रेघ काढून पोरांचे जन्म आणि घर कधी बदललं ते टाकायचं. धाकटीच्या वेळी सिझर झालं, धाकटी पुराच्या वर्षी पहिलीत होती, असं करत करत साल आपोआप सापडतं. आणि अगदी नेमकं नाही सापडलं तरी "पुराच्या आगेमागे" लिहिलेलं डॉक्टरला पुरतं, वीस वर्षांपूर्वीचं ऑपरेशन जूनमध्ये झालं का ऑगस्टमध्ये याने सहसा काही अडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं चित्र. साधी बाह्यरेषा, पुढून आणि मागून, आणि त्यावर जिथे टाके पडलेत तिथे फुली. ज्यांना वाक्य लिहायला अवघड जातं तेही हे पाच मिनिटांत करतात आणि फुलीपाशी मग एकेक शब्द लिहितात, हर्निया, मुतखडा, पाय मोडला. आमच्याकडे गोण्या उचलणारे, त्यामुळे हर्निया आणि कंबर जवळजवळ प्रत्येक चित्रात. बायकांच्या वर्गात "पिशवी काढली" असं येईल, तिथे लगेच विचारून घ्या पित्ताची का गर्भाची, आणि तसंच लिहायला सांगा.

काम काय केलं ते पण लिहून घ्या, हे सगळे विसरतात. तुर्भ्याकडे आमचे काही जण आधी दगडखाणीत होते, त्या धुळीने फुफ्फुसाला सिलिकोसिस होतो आणि एक्सरेत तो टीबीसारखा दिसू शकतो, डॉक्टरला खाणीचं कळलं तर तो त्या दिशेने विचार करेल ना. टीबी झाला असेल तर कधी, किती महिने औषध घेतलं आणि कोर्स पुरा केला का मध्येच सोडला, हे लिहिलंच पाहिजे, साध्या टीबीलाही सहा महिन्यांचा कोर्स असतो आणि दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं की सोडणारे पुष्कळ.

आणि मशेरी! तंबाखू खाता का विचारलं की बायका नाही म्हणतात, मशेरी लावता का विचारलं की निम्म्या हो म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. हे वेगळं विचारा, आणि विचारताना आवाजात ओरडा नको, नाहीतर पुढच्या वेळी लपवतील.

निळी_छत्री :
एवढा खटाटोप कशाला पण? आता आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर मिळतो १४ आकडी, रेकॉर्ड ऑनलाइन जोडता येतात, आणि नाहीतर मुलाच्या मोबाइलमध्ये फायलीचे फोटो काढून ठेवले की झालं. कागद हरवतो, भिजतो. या वयात त्यांना लिहायला लावण्यापेक्षा हे सोपं नाही का?

रात्रपाळी :
आभा जरूर काढा, मी स्वतः लोकांना सांगते. पण त्यात तेच दिसतं जे एखाद्या दवाखान्याने किंवा आपण स्वतः त्यात जोडलंय, आणि बघायला पेशंटची संमती लागते, बहुतेक वेळा फोनवर येणारा ओटीपी लागतो. वस्तीतल्या क्लिनिकमध्ये पाच वर्षं घेतलेली औषधं, गावाला झालेलं ऑपरेशन, यातलं त्यात काही नसतं. आणि मुलाच्या मोबाइलमधले फोटो मुलाजवळ असतात, वर मावशींची तीच तर अडचण होती. कागद भिजतो हे खरं, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, रेशनकार्ड ठेवतो तसं.

शब्दवेडी :
मी शाळेत मराठी शिकवायचे, निवृत्तीनंतर नेरुळला प्रौढांचे वर्ग घेते. निळी छत्री यांना एवढंच म्हणेन की लिहायला "लावणं" हा इथे प्रश्नच नाही, त्या मागतायत. आपल्याच ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन येतात. वयाचं कारण देऊन माणसाला बाजूला बसवणं मला पटत नाही.

मोगरा, पद्धतीबद्दल सांगते. पहिला दिवस फक्त बोलायचा. जोडीजोडीने बसवा, एकीने दुसरीला आपलं एक आजारपण सांगायचं, जे सांगायला हरकत नाही असंच. ती कशी सांगते ते तुम्ही कान देऊन ऐका, कारण नंतर तेच शब्द कागदावर यायला हवेत. मग एकेकीचं एक वाक्य फळ्यावर लिहा, तिच्याच तोंडचं, सुधारणा न करता. "मला धा वर्सापासून शुगर हाय" असं ती म्हणाली तर तसंच लिहा. ती स्वतःचं वाक्य फळ्यावर वाचते तेव्हा ती अक्षरं लावत बसत नाही, तिला माहीत असतं पुढे काय आहे, आणि वाचनाची भीती तिथे मोडते. मग तेच वाक्य वहीत. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तीन-चार साचे द्या, मला अमुक आहे, अमुक सालापासून आहे, मी अमुक गोळी घेते, मला अमुक चालत नाही. रिकामी जागा तिची तिने भरायची.

शुद्धलेखनाला हात लावू नका ही माझी कळकळीची विनंती. ऑपरेशन आणि डॉक्टर आणि अ‍ॅलर्जी, तिन्ही शब्दांत चंद्र नाहीतर जोडाक्षर आहे, नवशिक्या माणसाला नेमके हेच शब्द आधी लिहावे लागतायत. आपरेशन लिहिलं, डाक्टर लिहिलं, कळतं ना? मग झालं. लाल पेन वर्गात आणूच नका. फक्त आकडे आणि औषधाचं नाव या दोन ठिकाणी चूक चालणार नाही, तिथे सावकाश, दोनदा, एकमेकींना तपासायला देऊन.

मराठीत लिहिलेलं वाचतील का, तर नवी मुंबईत आणि ठाण्यात मराठी न वाचणारे डॉक्टर आहेत हे खरंय, पण कुणीतरी सिस्टर किंवा वॉर्डबॉय वाचून दाखवतोच, आणि मुख्य म्हणजे जिने स्वतः लिहिलंय ती तोंडीही न अडखळता सांगते. औषधांची नावं मात्र इंग्रजीत हवीत. त्याचं कुणी केमिस्ट असेल तर सांगा.

औषधवाला :
आहे ना, सीवूडसला दुकान आहे माझं. पट्टीवरून नाव उतरवणं हा तुमच्या वर्गाचा एक पूर्ण दिवस होईल आणि तो व्हायलाच पाहिजे.

गिऱ्हाईक येतं, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सगळ्या गोळ्या, आणि अर्ध्या पट्ट्या कात्रीने कापलेल्या, चार गोळ्यांचा तुकडा, ज्यावर ना नाव पूर्ण ना एक्सपायरी. म्हणतात "ती गुलाबी द्या बीपीची". गुलाबी गोळी बीपीचीही असते आणि दुसऱ्या शंभर गोष्टींचीही. कंपनी बदलली की रंग बदलतो, मग जुनी गुलाबी आणि नवीन पांढरी दोन्ही चालू ठेवणारे लोक मी बघितलेत, एकच औषध दुप्पट, आणि मग चक्कर. तुमच्या मावशींचं काय झालं माहीत नाही पण चक्कर म्हटलं की आधी डबा बघावा असं मला वाटतं.

पट्टीवर बघायला शिकवायच्या जागा दोन. मोठ्या अक्षरातलं असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. बारीक अक्षरातलं असतं ते खरं औषध, त्याच्या शेवटी बऱ्याचदा आय आणि पी ही दोन इंग्रजी अक्षरं असतात, आणि मग आकडा आणि एमजी. टेलमा ४० घ्या, आत औषध टेलमिसार्टन, ४० एमजी. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन. इकोस्प्रिन ७५ म्हणजे अ‍ॅस्पिरिन, तीच सिस्टरनी वर सांगितलेली रक्त पातळ करायची. आणि नावाच्या शेपटाकडे लक्ष, टेलमा, टेलमा एएम आणि टेलमा एच ही तीन वेगळी औषधं आहेत, शेवटची इंग्रजी अक्षरं गाळली तर भलतंच होतं. इंग्रजी येत नसलं तरी चालेल, चित्र काढल्यासारखं एकेक अक्षर बघून उतरवायचं, मोठ्या लिपीत, पट्टी शेजारी ठेवून. जमतं. माझ्या आईने तिच्या सगळ्या गोळ्यांची यादी अशीच केलीय आणि ती इंग्रजी एक अक्षर शिकलेली नाही.

पट्टी कापलेली असेल तर बिल मागा. बिलावर औषधाचं नाव, बॅच आणि एक्सपायरी छापलेली असते. बिल नको म्हणून पाच रुपये वाचवायचा विचार करणाऱ्यांना हे समजावून सांगा.

डॉक्टर चिठ्ठीवर १-०-१ लिहितात तेही शिकवा, सकाळ-दुपार-रात्र, शून्य म्हणजे त्या वेळी नाही. यांना आकडे येतात त्यामुळे हे एकदम बसतं. यादीत प्रत्येक गोळीपुढे हे तीन आकडे आणि "जेवणाआधी" किंवा "जेवणानंतर" लिहिलं की काम झालं. थायरॉइडची गोळी असेल तर "उपाशीपोटी" आठवणीने. आणि झाडपाल्याचं औषध, चूर्ण, काढे, दुखण्यासाठी स्वतः दुकानातून आणलेल्या गोळ्या, हे पण यादीत यायलाच पाहिजे, लोक त्याला औषध धरतच नाहीत. रोज गुडघ्यासाठी ब्रुफेन खाणाऱ्या माणसाची किडनी आणि बीपी बघताना डॉक्टरला ते माहीत असायला नको?

मोगरा_ठाणे :
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. फळ्यावरची रेघ आणि शरीराचं चित्र दोन्ही करणार. रात्रपाळी ताई, एक विचारायचं राहिलं, बाळंतपणं, गर्भपात, नवऱ्याच्या मारामुळे झालेली दुखापत, असल्या गोष्टी वर्गात कशा हाताळायच्या? वस्ती लहान आहे, एकीचं दुसरीच्या कानावर गेलं की संपलंच. आणि घरात सासू-सून एकमेकींच्या पिशव्या उघडतात.

रात्रपाळी :
दोन कागद करा. एक वरचा, पर्समध्ये किंवा ब्लाऊजच्या पाकिटात राहणारा, नाव, वय, फोन, अ‍ॅलर्जी, चालू गोळ्या, शुगर-बीपी-दमा-फिट असं काही असेल तर ते, ऑपरेशन. तो कुणीही वाचला तरी चालेल असा. दुसरा फक्त डॉक्टरसाठी, तो वर्गात लिहायचाच नाही, कसा लिहायचा तेवढं शिकवायचं, दुसऱ्याच कुणाचं बनवलेलं उदाहरण घेऊन, आणि घरी किंवा जिथे तिला मोकळं वाटेल तिथे तिने लिहायचं. किती वेळा दिवस गेले, किती बाळंतपणं, किती सिझर, पिशवी साफ केली होती का, पाळी कधी गेली, हे आकड्यांत लिहिता येतं, शब्द लागतच नाहीत. नाही लिहायचं म्हणाली तर नाही, तोंडी सांगेल ती डॉक्टरला.

वर्गात कुणाला काही मोठ्याने वाचायला सांगू नका. एचआयव्ही तर चुकूनही विचारू नका, २०१७ च्या कायद्याने ती माहिती तिच्या संमतीशिवाय कुणाला देता येत नाही. मारहाणीचं कुणी बोलली तर त्या वेळी वही बाजूला ठेवा आणि तिचं ऐका. महिला हेल्पलाइन १८१ चा नंबर मात्र सगळ्यांनाच लिहून द्या, एकीलाच वेगळा दिला की बाकीच्यांना कळतं.

घरच्यांच्या आजारांबद्दल पण विचारा, आईवडील आणि सख्खी भावंडं एवढंच, लांबचे काका नकोत. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हार्ट अटॅक आला असेल तर ते आमच्या दृष्टीने महत्त्वाचं. बायकांना माहेरचं सगळं पाठ असतं, या भागात त्या भराभर लिहितील बघा. म्हणून मी तर हा भाग शेवटी न ठेवता मध्येच घेईन, हात चालायला लागतो.

आणि कागदावर तारीख टाका. गोळी बदलली की जुनी खोडायची, नवी लिहायची, नवी तारीख.

शब्दवेडी :
+१ दोन कागदांना. आणि पहिला कागद पेन्सिलीने करून घ्या, मग पेनने.

औषधवाला :
मोगरा ताई, सरावाला पट्ट्या लागतील ना? मी गिऱ्हाइकांना सांगून रिकाम्या पट्ट्या जमवतो, नाव शाबूत असलेल्या, गोळी एकही नसलेल्या. बीपी, शुगर, थायरॉइड, दुखण्याच्या अशा वेगवेगळ्या. ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला आठवड्यातून एकदा माल आणायला यावंच लागतं मला.

मोगरा_ठाणे :
चालेल, नक्की जमवा. व्यनि (खासगी निरोप) करते, स्टेशनला पश्चिमेला येऊन घेऊन जाईन. भिंग पण आणू का हो वर्गात? बारीक अक्षरं चाळिशीवाल्यांना दिसणार नाहीत.

औषधवाला :
आणा, दोन-तीन आणा. आणि मोबाइल असेल तर कॅमेऱ्यात मोठं करून बघायला पण शिकवा.